आस, इस, ओस

आमचे मामा रोज सकाळी दाढी करताना क्रियापद चालवीत. त्या वेळी शेजारच्या बिऱ्हाडातून रामरक्षा ऐकू येई, समोरच्या माडीवर रेडिओ बातम्या सांगे, आणि मामा गालांना साबण फासून आरशातल्या स्वतःला बजावीत, "मी लेगास, मी लेगिस, मी लेगोस." म्हणजे मी वाचतो, मी वाचलं, मी वाचीन. एकदा भविष्यकाळ आला तेव्हा वस्तरा नेमका हनुवटीच्या वळणावर होता. रक्त निघालं. मामी स्वैपाकघरातून म्हणाली, "तरी मी सांगत होते, तो तुमचा ओस काही बरा नाही."

ही एस्पेरांतो भाषा. माझ्या माहितीप्रमाणे त्या काळी अख्ख्या धुळ्यात ती बोलणारे एकटे मामाच होते. पण भाषा ही निदान दोघांत बोलायची वस्तू असल्यामुळे त्यांनी मला शिकवायला घेतलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, राहायला मामांकडे होतो आणि जेवायला मामीच्या हातचं होतं. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

एस्पेरांतोची कुळकथा मला मामांनी इतक्या वेळा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. डॉक्टर लुडविक झामेनहोफ. जन्म 1859, गाव बियालिस्तोक, आज पोलंडात आणि तेव्हा रशियन साम्राज्यात. धंदा डोळ्यांच्या डॉक्टरचा. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू अशी चार प्रकारची माणसं चार भाषांत एकमेकांचा द्वेष करीत. लहानग्या लुडविकला वाटलं, भाषा एक झाली की भांडणं मिटतील. (त्याला आमच्या भाऊबंदकीची कल्पना नव्हती. ती एकाच भाषेत चालते.) 1887 साली वॉर्साला त्यानं एक लहानसं पुस्तक छापलं. खर्च होणाऱ्या सासऱ्यानं दिला. सासऱ्याच्या पैशाचा इतका निरुपद्रवी उपयोग दुसऱ्या कुठल्या जावयानं केल्याचं मला ठाऊक नाही. लेखक म्हणून नाव घातलं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा करणारा डॉक्टर. तेच नाव पुढे भाषेला चिकटलं.

व्याकरणाचे नियम फक्त 16. क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. मी, तू, तो, ती, ते, त्या, कुणीही असो, वर्तमानकाळी 'आस', भूतकाळी 'इस', भविष्यकाळी 'ओस'. शिवाय 'मी' म्हणजे चक्क मीच! या एका शब्दावरून झामेनहोफला मराठीबद्दल आतून जिव्हाळा असला पाहिजे, असा मामांचा तर्क होता. मामीनं एस्पेरांतोचा अभ्यास केलेला नव्हता, पण तिची टीका मार्मिक असे. "आज आस आणि उद्या ओस," ती म्हणे, "म्हणजे आपल्या घरातलंच चाललंय की!"

आता, भाषा तयार करायची हौस आपल्याकडे नवी नाही. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी कारभारातले फार्सी शब्द काढायला घेतले. पेशव्याचे पंतप्रधान झाले, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, डबिराचे सुमंत. रघुनाथपंडितांच्या हाती 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. पुढे 1960 साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय आलं आणि 1962 साली 'पदनाम कोश' निघाला. लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हसून घेतलं, आणि हसता हसता त्यातले संचालक नि अभियंता कधी तोंडात बसले हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बाजारातल्या दलालांची नंदभाषा तर आणखी जुनी. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. रुमालाखाली बोटं धरायची आणि "मुळूवर मिटवून टाका" म्हणायचं, बैलाच्या मालकाला पत्ता लागत नाही. आणि आमच्या लहानपणची चची भाषा कुणाला आठवत नाही? घरी म्हणजे चरीघ. मोठ्या माणसांना ती कळत नाही अशी आमची समजूत होती, आणि मोठी माणसं ती तशीच राहू देत होती.

पण या सगळ्या उद्योगांत एक गोष्ट समान आहे, आणि ती मला मामांनी दाखवली. कुणीही क्रियापदाच्या शेपटीला हात लावलेला नाही. पेशव्याचा पंतप्रधान झाला, पण तो 'आला', 'गेला' आणि 'बसला' तो पहिल्यासारखाच. दलालानं पाचाचा मुळू केला, पण 'मिटवून टाका' हे तुमच्याआमच्या मराठीतच राहिलं. चची भाषेतसुद्धा 'बसतो'चं 'चसतोब' होतं आणि 'बसलो'चं 'चसलोब'. तो आणि लो जिथल्या तिथे. मामा म्हणत, "नाम ही टोपी आहे रे. हुकूम सुटला की बदलता येते. क्रियापद हा मणका आहे. तिथं हात घालायला सर्जन लागतो."

असा हात घालणारे पहिले नामांकित सर्जन म्हणजे योहान मार्टिन श्लायर. हे जर्मनीतल्या बाडेनचे कॅथलिक धर्मगुरू. 1879 साली एका रात्री त्यांना झोप येईना, तेव्हा देवानं त्यांना जगासाठी एक भाषा तयार करायला सांगितलं. क्रियापदं किती असावीत हे देवानं सांगितलं नसावं, कारण श्लायरांनी हात राखला नाही. भाषेचं नाव व्होलापुक. तिच्यात 'लोफोब' म्हणजे मी प्रेम करतो. अलीकडे 'ॲ' जोडला की करीत होतो, 'ए' जोडला की केलं आहे, 'इ' जोडला की केलं होतं, 'ओ' जोडला की करीन, 'उ' जोडला की केलेलं असेन. त्यालाच आणखी एक 'इ' चिकटवला की करीत असतो, म्हणजे आपला रीतिकाळ. आणि सगळ्यांच्या आधी 'प' लावला की प्रेम करणारा बाजूला राहून त्याच्यावरच प्रेम केलं जातं. असं सगळं धरून एका धातूची 5,05,440 रूपं होतात असा हिशेब सांगतात. एवढी रूपं चालवून होईपर्यंत ती मुलगी सासरी जाऊन चांगली नांदायला लागली असती.

तरी लोक वेडे झाले होते. 1889 पर्यंत व्होलापुकची 283 मंडळं निघाली. त्या वर्षी पॅरिसला परिषद भरली, तिथं भाषणं तर व्होलापुकात झालीच, पण वाढपीसुद्धा व्होलापुकात वाढत होते असं म्हणतात. मग ऑगुस्त केरखॉफ्स नावाच्या प्राध्यापकांनी सुचवलं की व्याकरण जरा सोपं करावं. श्लायर म्हणाले, भाषा माझी आहे, शेवटचा शब्द माझा. झालं! मंडळांत फूट पडली आणि थोड्याच वर्षांत व्होलापुक शब्दशः ओस पडली.

झामेनहोफनं शहाणपणा केला. साधे काळ तीनच ठेवले. पण माणसाचं तीन काळांत भागत नाही, ही खरी अडचण आहे. आता बघा: मी भाकरी खाल्ली, मी भाकरी खात होतो, मी भाकरी खाल्ली होती, मी भाकरी खात असे. चारही भूतकाळ. कालची वेळ तीच, भाकरीही तीच म्हणा. फरक आहे तो आपण त्या खाण्याकडे कुठून बघतो त्यात. उंबऱ्याबाहेर उभं राहून बघितलं तर खाणं हा एक मिटलेला विषय असतो. पानावर बसून बघितलं तर अजून हात खरकटा असतो. पंडित याला क्रियाव्याप्ती म्हणतात. आमचे गुरुजी साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती एवढंच म्हणत. त्यांपैकी रीती ते छडीनं समजावून देत.

तेव्हा झामेनहोफनं आणखी सहा प्रत्यय दिले, पण गणिती बेतानं. क्रिया चालू असेल तर आंत, होऊन गेलेली असेल तर इंत, व्हायची असेल तर ओंत. तेच कर्मणीत आत, इत, ओत. किती सोपं! आणि या सोपेपणातच बाँब होता. कारण झामेनहोफचा स्वतःचा जन्म या भाषेत कसा सांगायचा? 'जन्मला' हे एस्पेरांतोत कर्मणीनं सांगायची रीत होती. तर मग 'एस्तिस नास्किता' म्हणायचं की 'एस्तिस नास्काता'? इता पक्ष म्हणाला, मूल बाहेर आलं, विषय संपला, म्हणून इता. खुद्द झामेनहोफही तसंच लिहीत. अता पक्ष म्हणाला, छे, त्या दिवशी त्या घटकेला जन्म होत होता. इता म्हटलं तर मूल त्याच्या आधीच झालेलं ठरतं. ज्या गृहस्थानं जन्म घेतला, भाषा केली आणि 1917 साली जगाचा निरोपही घेतला, त्याचा जन्म पूर्ण झाला की नाही यावर जगबंधुत्व मानणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. अखेर 1967 साली एस्पेरांतोच्या अकादमीनं निकाल दिला: इता.

मामा अता पक्षाचे होते. परदेशातून येणाऱ्या एका पत्रिकेत त्यांनी तो निकाल वाचला आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. कुणीतरी जवळचं गेलं असं वाटून शेजारच्या काकू मामीला भेटून गेल्या. मामीनं सांगितलं, "गेलं कुणी नाही हो. जन्मलंय कोण, त्याचं चाललंय."

हरलेला पक्ष नेहमी जनतेकडे जातो. मामा काठीला गेले.

काठी हे सातपुड्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. मी सांगतो आहे ती गोष्ट 1969 ची, तेव्हा ते सगळं आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं. इंग्रजी अमलात खानदेशातल्या भिल्ल राजांची मेवासी संस्थानं होती, त्यांत काठीचं नाव मोठं. संस्थान गेलं, पण काठीची राजवाडी होळी राहिली. ती 1246 सालापासून चालत आली आहे असं तिथं सांगतात. मामांचा विचार असा, की युरोपातल्या माणसाला विचारून उपयोग नाही, त्याचं डोकं त्याच्या व्याकरणानं आधीच नासलेलं असतं. ज्याची बोली कुणी पुस्तकात कोंबलेली नाही अशा माणसाला विचारावं, झालेलं आणि होत असलेलं यांत तू कुठं रेघ मारतोस?

भिल्ली भाषांचा धांडोळा त्यापूर्वी घेतला गेला नव्हता असं नाही. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषिक पाहणीतला तो खंड 1907 साली निघाला, आणि तो स्टेन कोनो यांनी तयार केला. त्या पाहणीची युक्ती अशी, की प्रत्येक बोलीत बायबलातल्या उधळ्या मुलाची तीच ती गोष्ट करून घ्यायची. पोरगा वाटणी मागतो, घर सोडतो, पैसे उडवतो, उपाशी पडतो, परत येतो. त्याच्या या उद्योगांत बहुतेक सगळे काळ येऊन जातात. पण मामांना गोष्ट नको होती. त्यांना एकच एक क्रियापद हातात घेऊन पिळून बघायचं होतं. सरावाला बरोबर मला घेतलं.

अक्कलकुव्यापर्यंत एस.टी., पुढे देवगोईच्या घाटातून एक लाकडाचा ट्रक, आणि शेवटी पाय. मामांच्या कोटाला एस्पेरांतोची हिरवी चांदणी लावलेली होती. ट्रकवाल्यानं त्यांना जंगलखात्यातले समजून निम्मेच पैसे घेतले.

काठीत एका म्हाताऱ्या बाबांच्या घरी आमची सोय झाली. बाबांना कामापुरती मराठी येत होती, आणि त्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. ते कलेक्टरला तू म्हणत, मामांना तू म्हणत आणि मलाही तू म्हणत. मामा हरखून गेले. एस्पेरांतोतही लहानथोर सगळ्यांना एकच सर्वनाम असतं. "बघ," मला म्हणाले, "झामेनहोफला पुस्तक छापावं लागलं. इथं नुसतं बोलून चाललंय."

मग त्यांनी वही काढली.

"बाबा, तुमच्या बोलीत 'मी जेवतो' कसं म्हणतात?"

बाबांनी आत वळून काहीतरी म्हटलं. मामांनी ते घाईघाईनं टिपून घेतलं. पाच मिनिटांत मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ आली. मामांनी टिपलं होतं ते 'पाहुण्यांना वाढ' असं होतं, हे पुढे कळलं.

"बरं, आता 'मी जेवलो' कसं म्हणायचं?"

"तू जेवला कुठं?"

"समजा, जेवलो."

"समजायचं कशाला? भाकर आहे ना पुढ्यात. खा."

मामांनी घास घेतला. लगेच बाबांनी खुशीनं 'जेवतो आहे' सांगितलं, कारण ते डोळ्यांना दिसत होतं. 'जेवलो' मात्र ते काही केल्या सांगेनात. मामांनी भाकरी संपवली आणि पेन्सिल उचलली, तेवढ्यात सुनेनं दुसरी वाढली, आणि पूर्ण भूतकाळ पुन्हा लांब गेला. त्या रात्री एका 'जेवलो'साठी मामांना तीन भाकऱ्या लागल्या. मी नुसता ऐकत होतो, तरी मलाही दोन बसल्या. मग उत्साहाच्या भरात मामांनी विचारलं, "आणि 'मी मेलो'?" बाबा गंभीर झाले. म्हणाले, सणाच्या रात्री असं बोलू नये, आणि हे सांगायला तू राहशील कुठं?

शेवटी मामांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी आम्ही घाट चढून आलो होतो.

"बाबा, तुमचा जन्म झाला. त्या वेळी तो झालेला होता, की होत होता?"

बाबा बराच वेळ मामांकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मला काय ठाऊक? माझ्या आईला विचारायचं. ती होती तिथं."

मामांची पेन्सिल खाली पडली. "अरे," ते मला म्हणाले, "हा तर पाणिनी!" आणि खरंच, संस्कृतात लिट् म्हणून एक लकार आहे. बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेल्या जुन्या घटनेसाठी तो राखून ठेवलेला असतो. जन्म हा प्रत्येकाच्या बाबतीत तसाच प्रकार. त्या वेळी आपण हजर असतो खरे, पण साक्षीला उपयोगी नसतो. अकादमीनं मतदान करण्याऐवजी एखाद्या बाळंतिणीला विचारलं असतं तर निकाल लवकर लागला असता.

मग होळी. होळी म्हणजे आमच्या डोक्यात पुण्याधुळ्याची: गोवऱ्या रचा, पेटवा, बोंब मारा, नैवेद्य टाका, घरी जा. अर्ध्या तासात पूर्ण भूतकाळ. इथं डोंगराडोंगरांवरून माणसं उतरत होती. ढोल वाजत होते. नवस बोललेले बुध्ये आणि बावे अंगावर नक्षी काढून, कमरेला वाळके दुधी भोपळे नि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून नाचत होते. त्यांचं व्रत कित्येक दिवस आधीच सुरू झालेलं होतं. मधे होळीचा दांडा, उंचच उंच बांबू. सगळं होतं, फक्त जाळ नव्हता.

दहा वाजता मी बाबांना विचारलं, "होळी पेटली का हो?"

"होळी चालू आहे," बाबा म्हणाले.

बारा वाजता विचारलं. "चालू आहे." दोन वाजता मी मामांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलो. तीनला जाग आली तेव्हा तेच ढोल, तेच घुंगरू. "पेटली?" बाबांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. त्यांच्या दृष्टीनं मी पानावर बसून सारखा "जेवण झालं का?" असं विचारणारा माणूस होतो. पेटणं हा त्या होळीतला एक घास होता. मी त्यालाच होळी समजत होतो.

पहाटे होळी पेटली. डोंगरांच्या कडा उजळल्या. हजारो माणसं त्या उजेडात एकदम दिसली. मला वाटलं, चला, संपलं. कसलं संपतंय! ढोल आणखी जोरात सुरू झाले. मामांनी जाळाच्या उजेडात वही उघडली आणि एकच ओळ लिहिली. त्या वहीतलं बाकीचं अक्षर आज कुणाला, भिल्ली जाणणारालाही, लागत नाही. एवढी ओळ तेवढी स्पष्ट आहे: 'होळी: अता.'

परतीच्या वाटेवर मामा गप्प होते. घाटात एकदाच म्हणाले, "काळ कुणालाही करता येतो रे. कॅलेंडर छापलं की झाला. पण झालं की होतंय, हे तिथं असलेल्या माणसानंच सांगायचं. ते सोळा नियमांत कसं बसवणार?"

त्यानंतर मला क्रियापदांचा नादच लागला. मोरो केशव दामल्यांचं 1911 चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मी कादंबरीसारखं वाचलं. त्यात क्रियापदाच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी प्रत्ययांवरूनच नावं आहेत, आणि ते किती शहाणपणाचं आहे हे मला मामीमुळे कळलं. लाख्यात म्हणजे भूतकाळ असं मानून चाललं तर आमच्या घरात राहणं कठीण होतं. मामी शेजारी बसायला जाताना "आलेच हं!" असं म्हणे आणि दीड तासानं येई. झाडावरून पडताना पोरगं "पडलो, पडलो!" असं ओरडतं ते पडण्याआधी. आणि 'खाणे' या एका धातूचं आम्ही काय काय करतो! खाऊन घेतो, खाऊन टाकतो, खाऊन बसतो, खात सुटतो, खात राहतो, खाऊ लागतो, खाऊन चुकतो. श्लायरांना हे पाच लाख रूपांत साधलं नाही. आमच्याकडे घेणे, टाकणे आणि बसणे या तीन घरगुती क्रियापदांत भागतं.

पुढच्या काळात मी पाहिलं, की नव्या भाषा करणारे शहाणे झाले. 'स्टार ट्रेक' या सिनेमातल्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रांड यांनी क्लिंगॉन भाषा तयार केली. तिचा कोश 1985 साली निघाला. त्या भाषेत काळ नाहीतच! काल, आज, उद्या हे शब्द वेगळे घालायचे. क्रियापदाला जोडायचं ते फक्त झालं की चाललंय. त्यातही, आपोआप झालं तर एक प्रत्यय आणि मुद्दाम केलं तर दुसरा. नुसतं चाललंय त्याला एक आणि शेवट ठरलेला आहे अशाला दुसरा. आमच्या कॉलनीसमोरच्या रस्त्याच्या कामाला यांतला कुठला लावायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 2009 च्या 'अवतार' सिनेमासाठी पॉल फ्रॉमर यांनी नाव्ही भाषा केली. तिच्यात हे प्रत्यय शब्दाच्या पोटात शिरतात. 'तारोन' म्हणजे शिकार करणे. शिकार झाली की 'तोलारोन', चालू असली की 'तेरारोन'. मी ते वाचून ओरडलोच, "अरे, ही तर चची भाषा!" पण फरक होता. आमच्या चनं क्रियापदाचा मणका सोडून दिला होता. यांनी नेमका तोच धरला होता.

आणि मामांची एस्पेरांतो? ती काही जगाची भाषा झाली नाही. पण ओसही पडली नाही. पुण्यात भाषाविज्ञान शिकवून गेलेले प्रबाल दाशगुप्त 2007 ते 2013 या काळात विश्व एस्पेरांतो संघाचे अध्यक्ष होते. मामांना हे कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पण मामा 1987 साली गेले. भाषेचं ते शंभरावं वर्ष होतं. त्यांनी तेवढं बरोबर गाठलं.

पेपरात द्यायचा मजकूर लिहायला मी बसलो. हयात, सेवानिवृत्त, मागे पत्नी, हे सगळं लिहून झालं. मग वाटलं, त्यांच्या आवडीचा एक शब्द घालावा. एस्पेरांतो म्हणजे आशा करीत असलेला, आंत. पण आता माणूसच गेला होता. नियमाप्रमाणे आंत काढून इंत घालायला हवा होता. मी लिहिलं: एस्पेरिंतो. आशा करून चुकलेला. मराठीत तो शब्द फारच वाईट दिसला. चुकलेला या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात येऊन बसले होते, आणि मामांच्या आयुष्यभराच्या छंदाला लोकांनी दिलेली पावतीही तीच होती.

मामीनं कागद हातात घेतला. एवढ्या वर्षांत तिनं प्रत्ययांची चेष्टाच केली होती, पण कान तिचेही होते. "हे इंत काय म्हणून?" तिनं विचारलं. मी नियम सांगितला. "राहू दे तुझा नियम," ती म्हणाली. "तिकडेसुद्धा वही उघडून बसले असतील, भाकरी मागत. आंतच लिही."

मी आंत लिहिलं.

मधे काही वर्षांपूर्वी पुन्हा काठीला गेलो. आता जीप थेट पोचते, माणसं पूर्वीपेक्षाही जास्त असतात, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो. बाबांचं घर मला सापडलं नाही. दांडा तसाच उंच होता, ढोल तसेच होते. रात्री दोन वाजता माझे गुडघे बोलायला लागले. शेजारी एक कॉलेजातला वाटणारा मुलगा घोळक्याचे फोटो काढत उभा होता. न राहवून मी त्याला विचारलं, "काय रे, पेटली का होळी?"

त्यानं मोबाईलवरून मान वर केली आणि म्हणाला,

"चालू आहे, काका."